कारबेटर सगळ्यात शेवटी

आमच्या भागात जुन्या पेट्रोल गाडीचं एक दुखणं सगळ्यांच्या ओळखीचं होतं. रस्त्यावर पळताना गाडीला काही व्हायचं नाही. चौकात थांबली की मात्र हिव भरल्यागत थरथरायची, बॉनेट हलायचं, आरसा कापायचा, सायलेन्सरमधून एक ठोका चुकवत फट्-फट् आवाज यायचा, आणि पाय ॲक्सिलेटरवरून काढला की गप्पकन बंद पडायची. ड्रायव्हर म्हणायचे, "स्लोला मिसिंग मारायलीय." कार्बोरेटरच्या गाड्या गेल्या तसं हे दुखणंही गेलं, आणि नुसत्या आवाजावरून ते ओळखणारे कानही गेले. त्या कानांची थोडी नोंद कुठंतरी राहावी, म्हणून हे लिहितोय.

मुरुम हे उमरगा तालुक्यातलं बाजाराचं गाव. सोलापूर-हैदराबाद रस्ता गावातून जात नाही. मुरुम मोडावर उतरायचं आणि आत यायचं. खालच्या अंगाला आळंद, म्हणजे कर्नाटक. त्यामुळं गावात मराठी, कानडी आणि दखनी उर्दू अशा तिन्ही भाषा चालतात, आणि मिस्त्री लोकांची भाषा या तिन्हींच्या काल्यातून झालेली. कार्बोरेटर म्हणजे 'कारबेटर', गॅसकेट म्हणजे 'पॅकिंग', प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर म्हणजे 'डेल्को', आणि टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप म्हणजे 'एसी पंप'. लहानपणी मला वाटायचं, एसी पंप म्हणजे गार हवेचा काहीतरी संबंध असेल. पुढं कळलं, डेल्को आणि एसी ही दोन्ही अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या घरातली नावं. ही कंपनी १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडून विकायची. स्वातंत्र्यानंतर सरकारनं ठरवलं की नुसत्या जोडणाऱ्यांनी इथं थांबायचं नाही, जे पार्ट इथंच बनवतील त्यांनीच राहायचं. तेव्हा १९५४ च्या सुमाराला जनरल मोटर्सनं मुंबईतलं काम बंद केलं. कंपनी गेली, पण तिचे दोन शब्द मुरुमच्या गॅरेजात पुढची पन्नास वर्षं राहिले.

तसा मोटारीशी आमचा संबंध त्याहून जुना. हा मुलूख निजामाचा. निजाम सरकारनं १९३२ साली सत्तावीस बसगाड्यांवर स्वतःची मोटार वाहतूक सुरू केली, तेव्हा मुंबई इलाख्यात सरकारी एसटीचं नावही नव्हतं. तिकडची पहिली एसटी धावली ती १ जून १९४८ ला, पुणे ते अहमदनगर. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला पोलीस ॲक्शन झाली. हिंदी फौज सोलापूरकडून निघाली, नळदुर्गला बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला, जळकोट घेतलं आणि त्याच दिवशी दुपारी उमरग्यात पोचली. आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांनी एका दिवसात एवढी इंजिनं पहिल्यांदा त्या दिवशी ऐकली. रणगाडे, ट्रक, जीप. आमची आजी त्या दिवसाची गोष्ट सांगताना तोंडानं जीपचा आवाज काढून दाखवायची.

पुढं जी मोटार गावोगाव पोचली, तिचं मूळही आमच्या शेजारचंच निघतं. वालचंद हिराचंद हे सोलापूरचे, जन्म १८८२ चा. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना घातला, आणि तिथून फियाट अकराशे बाहेर पडू लागली. १९७४ पासून तिलाच 'प्रीमियर पद्मिनी' म्हणू लागले. दुसरीकडं बंगालात उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बेसेडर, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. नवी गाडी मिळायला शहरातल्या लोकांना वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं. आमच्याकडं गाडी यायची ती पुण्या-मुंबईत जुनी होऊन. म्हणजे आमच्या भागात 'नवी गाडी' या शब्दाचा अर्थच दहा-बारा वर्षं वापरलेली गाडी असा होता, आणि तिच्याबरोबर तिची दुखणीही यायची.

आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, यांनी १९८६ साली अशीच एक पांढरी ॲम्बेसेडर घेतली. विहीर बांधायला बाजूला काढलेले पैसे होते, ते गाडीत घातले. गाडी भाड्यानं चालायची. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूरच्या यात्रा, लग्नाची वऱ्हाडं, आणि रात्री-अपरात्री दवाखान्याला न्यायची माणसं. अडलेली बाई, साप चावलेला गडी, हे सगळं त्या गाडीनं पाहिलं. विहीर पाच वर्षं लांबली, पण घर त्या गाडीवर चाललं.

गाडी बघणारे मिस्त्री म्हणजे चाचा. सगळं गाव त्यांना चाचाच म्हणायचं, मीही तेच म्हणतो. बाजारच्या कडंला पत्र्याचं शेड, समोर लिंबाचं झाड, झाडाला टांगलेली साखळी-कप्पी, आणि मातीत इतकं ऑइल मुरलेलं की पावसाळ्यातही चिखल व्हायचा नाही. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायचो. चाचा पाना मागायचे, मी द्यायचो. त्यातून जे कानावर पडलं ते हे.

चाचांचा एकच नियम होता: "पैले सुनो, कारबेटर आखिर में." गाडी स्लोला हलायली की कुणीही आधी पेचकस घेऊन कार्बोरेटरचे स्क्रू पिळायला लागायचा. ड्रायव्हर पिळायचा, मालक पिळायचा, पेट्रोल भरायला आलेला पाहुणाही पिळायचा. चाचा म्हणायचे, स्क्रू फिरवला की खरं दुखणं झाकून जातं. थोडा वेळ गाडी बरी वाटते आणि आठ दिवसांनी दुप्पट वाईट होते, शिवाय पहिलं माप कुठं होतं तेही कुणाला आठवत नाही.

आता स्लोलाच गाडी का थरथरते, हे समजून घ्यायला पाहिजे. पाय सोडलेला असतो तेव्हा कार्बोरेटरमधली झडप जवळजवळ बंद असते. इंजिनाला अगदी थोडी हवा मिळते, आणि तिच्या मापानं एका बारक्या जेटमधून थेंब-थेंब पेट्रोल. या जेटला पायलट जेट म्हणतात. त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेत असलं, तर एकेक सिलिंडर मिनिटाला चारशे वेळा पेटतो, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा. एवढ्या हळू चालीत एखादा ठोका चुकला तर तो लगेच अंगाला जाणवतो. पळताना ठोके इतके दाट पडतात, आणि फिरणाऱ्या जड चाकाची ओढ इतकी असते, की एक चुकला तरी खपून जातो. हवेचंही तसंच. कुठं बारीक फट पडून चोरटी हवा आत येत असली, तर पळताना खूप हवेत ती मिसळून जाते. स्लोला मात्र मुळातच घोटभर हवा, त्यात ही चोरटी शिरली की पेट्रोलचं प्रमाण पार कोलमडतं. भरल्या रांजणात तांब्याभर पाण्यानं फरक पडत नाही, वाटीत पडतो.

म्हणून चाचांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पळताना कशीय?" पळताना चांगली आणि थांबल्यावर वाईट असेल, तर चोरटी हवा किंवा पायलट जेट. पळतानाही ओढत नसेल, चढाला मरत असेल, तर करंट, व्हॉल्व्ह किंवा रिंगा. या एका प्रश्नात निम्मं काम व्हायचं.

मग गाडी चालू ठेवून प्लगच्या वायरी एकेक करून काढायच्या. जी वायर काढल्यावर इंजिन आणखी लंगडतं, तो सिलिंडर काम करतोय. जी काढूनही काही फरक पडत नाही, तो आधीच मेलेला. नंतर प्लग खोलून त्याचा रंग बघायचा. विटकरी-तपकिरी रंग असला तर बरं. काजळीसारखा कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. तेलकट, ओला काळा म्हणजे ऑइल वर येतंय, रिंगांचं काम. चाचा चारही प्लग ओळीनं फडक्यावर मांडायचे आणि वैद्यानं जीभ बघावी तसं बघायचे.

त्यानंतर डेल्को. टोपीला तडा गेलाय का, आतले पॉइंट जळून त्यांच्यावर खड्डा-उंचवटा झालाय का, कंडेन्सर गेलाय का. पॉइंटमधली फट ॲम्बेसेडरला साधारण पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले पंधरा. फिलर गेजनं ती लावायची. पॉइंट घासायला पॉलिश पेपर, तोही जपून. मग दम, म्हणजे कॉम्प्रेशन: प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि एकानं पुढून हँडल फिरवायचं. अंगठा फटकन उडाला तर दम चांगला. मीटर नव्हतं, पण चारही भोकांवर पाळीनं अंगठा ठेवला की कोण दुबळा ते कळायचं.

पेट्रोलची गोष्ट वेगळी. त्या काळात रेशनचं निळं रॉकेल पेट्रोलात मिसळायची वाईट चाल होती. रॉकेलची वाफ सहज होत नाही. गार इंजिनाला ते पचत नाही, प्लग काळे पडतात, स्लो हलतो. चाचा कोऱ्या कागदावर दोन थेंब टाकायचे. पेट्रोल उडून जातं, कागद कोरा होतो. रॉकेल असलं की तेलकट डाग राहतो. उन्हाळ्यात आणखी एक भानगड. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडं पारा चाळिशीच्या वर. गरम इंजिनाला चिकटलेल्या एसी पंपात पेट्रोलची वाफ व्हायची, पंप नुसती वाफ ओढायचा, आणि गाडी आधी थरथरून मग बंद. त्यावर औषध म्हणजे पंपावर ओलं फडकं. आमच्या गाडीत चैत्र ते मिरग पाण्याची बाटली आणि धोतराचा तुकडा कायम असायचा.

एवढं सगळं झाल्यावर कारबेटर. काळ्या रानाची धूळ जाळीतूनसुद्धा आत जाते आणि पायलट जेट तुंबतो. जेट साफ करायला तार घालायची नाही हा चाचांचा कडक हुकूम. तारेनं भोक मोठं होतं आणि मग ती गाडी जन्मभर पेट्रोल पिते. पेट्रोलमध्ये बुडवायचा, तोंडानं फुंकायचा, फारच अडलं तर म्हशीच्या शेपटीचा केस घालायचा. शेवटी मिक्स्चरचा स्क्रू. आत घेत जायचा, इंजिन अडखळायला लागलं की थांबायचं. मग बाहेर सोडत जायचा, आवाज जड आणि घोगरा झाला की थांबायचं. या दोन्हींच्या मधे जिथं इंजिन सगळ्यात गोड चालतं तिथं सोडून द्यायचा. सगळ्यात छोटं काम हेच, आणि ते सगळ्यात शेवटी.

१९९३ च्या उन्हाळ्यात अण्णांच्या गाडीला हेच दुखणं जडलं. आधी चाचांकडं न्यायची, पण चाचा लेकीकडं गेलेले. भाडं घेऊन अण्णा शहरात गेले होते, तिथल्या एका मोठ्या गॅरेजात दाखवली. त्यांनी इंजिन चालू करून दोन मिनिटं ऐकलं आणि सांगितलं, "रिंगा गेल्यात. इंजिनकाम निघतंय. दहा-बारा हजार धरून चाला." अण्णा परत आले ते गप्पच. तेवढे पैसे घरात नव्हते. रात्री जेवताना काकूला म्हणाले, "आहे तशी विकून टाकावी म्हणतो." काकूनं ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "चाचांना दाखवल्याबिगर विकायची नाही." त्या घरात काकूचा शब्द म्हणजे शेवटचा होता.

चाचा आले. अण्णा म्हणाले, "चाचा, बघा की जरा. रिंगा गेल्यात म्हणायलेत." चाचांनी प्रश्न केला, "ऑइल किती खातीय?" अण्णा म्हणाले, "ऑइल तर खात नाही." "धूर?" "धूर नाही." चाचा हसले, "रिंगा जाऊन ऑइल खात नसली, तर जगातली पैली गाडी हीच."

वायरी काढून बघितल्या. पहिल्या दोन काढल्या की इंजिन मरायला टेकायचं. तिसरी आणि चौथी काढली तरी फारसा फरक नाही. म्हणजे मागचे दोन सिलिंडर अर्धमेले. प्लग पांढरे. करंट चारीला सारखा. अंगठा चारही भोकांवर फटकन उडाला, म्हणजे दम शाबूत. रिंगा नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत, आणि त्या दोघांच्या मधली हेडची पॅकिंगही फुटलेली नाही. चाचा बिडी पेटवून झाडाखाली बसले आणि मला म्हणाले, "बोल बेटा, तीन नंबर आणि चार नंबर, दोघांचं मिळून काय हाय?"

मला काही सुचेना. चाचांनीच दाखवलं. ॲम्बेसेडरच्या इंजिनात हवा-पेट्रोल आत जायला चार सिलिंडरना चार वाटा नसतात, दोनच असतात. पुढची वाट एक-दोन नंबरला, मागची तीन-चार नंबरला. दोघांचं एकच दार. दोघे एकदम आजारी पडले, दोघांनाही पेट्रोल कमी पडतंय, तर दारातच काहीतरी बिघडलंय. चाचांनी ऑइलचा डबा घेतला, गाडी चालू ठेवली, आणि मॅनिफोल्डच्या मागच्या जोडावर चार थेंब सोडले. थेंब आत ओढले गेले. इंजिनाचा आवाज बदलला. चार-पाच सेकंद ते असं मऊ चाललं की बॉनेटवर ठेवलेला पाना हलेना. सायलेन्सरमधून निळसर धूर आला. मग फट पुन्हा उघडी पडली आणि थरथर परत सुरू.

मागच्या स्टडचा नट ढिला होऊन तिथली पॅकिंग जळाली होती. चाचांनी सोलापूरहून पॅकिंग मागवली, जुनी खरवडून काढली, नवी बसवली, नट सारखे आवळले, गाडी गरम करून पुन्हा एकदा आवळले. मग पॉइंटची फट, आणि सगळ्यात शेवटी मिक्स्चरचा स्क्रू. मजुरी घेतली पन्नास रुपये. अण्णा शंभर द्यायला लागले, तर म्हणाले, "अण्णा, पन्नास रुपयाचं काम केलंय. दहा हजाराचं नाय केलं."

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. मुरुमात भिंतींना तडे गेले. उजाडता उजाडता कळलं की सास्तूर, किल्लारीकडं गावंच्या गावं पडलीत. अण्णांनी गाडी काढली. मी सोबत होतो, अकरावीत होतो तेव्हा. सास्तूरच्या बाजूनं जखमी माणसं उमरग्याला आणायची, परत जायचं, परत आणायची. गाडीचा सेल्फ तेव्हा धड नव्हता, बॅटरी म्हातारी झालेली. बंद पडली असती तर ढकलायला माणूस मिळाला नसता. जो तो दगड-माती उपसण्यात गुंतलेला. म्हणून दिवसभर अण्णांनी इंजिन बंदच केलं नाही. आम्ही माणसं उचलून मागच्या सीटवर ठेवायचो, आणि गाडी आपली जागेवर एका लयीत चालू राहायची. एकदाही अडखळली नाही.

त्या गाडीनं किती माणसं वाचवली याचा हिशोब मी मांडत नाही. काही वाटेतच गेली. त्या भूकंपात हजारो माणसं गेली, तिथं एका गाडीची काय गोष्ट. एवढंच सांगतो की एक म्हातारी आणि तिचा नातू आमच्या गाडीतून दवाखान्यात जिवंत पोचले. ती गाडी उन्हाळ्यातच विकली गेली असती.

पुढं दिवस झपाट्यानं बदलले. भाड्याच्या धंद्यात डिझेल आलं, काळी-पिवळी जीप आली. डिझेलला ना कारबेटर, ना डेल्को. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं. त्याच सुमाराला धुराचे नियम कडक झाले आणि गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन बसलं. किती हवा, किती पेट्रोल, हे एक छोटी पेटी सेकंदा-सेकंदाला मोजते. बिघाड झाला की डॅशबोर्डवर दिवा लागतो, मेकॅनिक वायर जोडून पडद्यावर आकडा वाचतो. पद्मिनी २००० च्या आसपास बंद झाली, ॲम्बेसेडर २०१४ च्या मे महिन्यात. मोटरसायकलींना कार्बोरेटर राहिला होता, तोही १ एप्रिल २०२० ला भारत स्टेज सहा लागू झाल्यावर नव्या गाड्यांतून जवळजवळ गेला.

नवं वाईट आहे असं मी म्हणणार नाही. आजची गाडी थंडीत पहिल्या सेल्फला चालू होते, पेट्रोल कमी पिते, धूर कमी टाकते. पहाटे बाळंतिणीला घेऊन निघालेल्या माणसाला यापेक्षा मोठं सुख नाही. चाचा शेवटच्या काळात स्वतःच म्हणायचे, "अच्छा हुआ, लोगां की तकलीफ गयी."

पण एक गोष्ट मनात राहते. शहरातल्या त्या गॅरेजकडं चाचांपेक्षा जास्त हत्यारं होती. थरथर त्यांनीही ऐकली, चाचांनीही ऐकली. फरक एवढाच की त्यांनी दुखणं आधी ठरवलं आणि चाचांनी आधी विचारलं: पळताना कशीय, ऑइल किती खातीय, दोघांचं मिळून काय हाय. गाडीवाल्याला इंजिनातलं काही कळत नसतं. मिस्त्री म्हणेल ते खरं धरून तो पैसे मोजतो. अशा वेळी क्रमानं तपासणं ही नुसती हुशारी राहत नाही, ती सचोटी होते. स्वस्त कारणं एकेक करून संपल्याशिवाय महागाचं नाव काढायचं नाही, हा चाचांचा हिशोब डॉक्टरला लागू आहे, वकिलाला लागू आहे, आणि शेतात पीक पिवळं पडलं की धावत औषधाच्या दुकानात जाणाऱ्या आपल्यालाही लागू आहे.

चाचांचं शेड आता नाही. त्यांचा नातू मोटरसायकलींचं काम करतो, त्याच्याकडं स्कॅनर आहे. मागच्या खेपेला गेलो तेव्हा एकाची गाडी दिवा लावून उभी होती. पडद्यावर आकडा आला होता, गिऱ्हाईक म्हणत होतं, "सेन्सर बदलून टाक." पोरगं म्हणालं, "थांबा मामा. आधी वायर ढिली आहे का बघू द्या."